सभासद क्रमांक २१४

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या वडिलांची एका खोलीची लायब्ररी होती. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू आणि हळूहळू सगळे सभासदही त्यांना अण्णाच म्हणू लागले होते. पन्नास रुपये अनामत, पंधरा रुपये महिना, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक, असा तिथला नियम होता. नवे पुस्तक आले की अण्णा त्याला खाकी कागदाचे कव्हर घालत, पाठीवर पांढरी पट्टी चिकटवून क्रमांक लिहीत, आणि शाळा सुटल्यावर मी टेबलाशी बसून लांबट वहीत देवघेवीच्या नोंदी करत असे.

मी आठवीत असताना एका संध्याकाळी दोन माणसे आली. चपला बाहेर काढून आत आली, अण्णांना नमस्कार केला आणि शेल्फवरच्या एका नव्या पुस्तकाकडे बोट दाखवून, हे इथे दिसायला नको, एवढेच म्हणाली. आवाज चढला नाही, कुणी हात उगारला नाही. जाताना एकाने फक्त, “दुकान चांगलं चाललंय अण्णा, चालू दे,” असे म्हटले. त्या रात्री ते पुस्तक शेल्फवरून उतरले आणि आमच्या घरातल्या धान्याच्या कोठीमागे गेले.

आठवड्याभराने सभासद क्रमांक २१४ आले. ते निवृत्त शिक्षक होते, दर शनिवारी येत आणि पुस्तक परत करताना त्याच्याबद्दल दोन वाक्ये मला आवर्जून सांगत. त्यांनी नेमके तेच पुस्तक मागितले. अण्णा म्हणाले, “बायंडिंगला दिलंय सर.” सर म्हणाले, “गेल्या महिन्यात तर आलं. चार हातांतनं फिरलं नाही, आणि बायंडिंग कशाचं?” अण्णा थोडा वेळ वहीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “खरं सांगायचं तर सभासदांच्याच तक्रारी आल्यात. लोकं म्हणाली, असलं पुस्तक नको.” सर टेबलावर हात ठेवून शांतपणे म्हणाले, “मीही सभासदच आहे की. मला कुणी विचारलं?” आणि त्यांनी अनामत परत मागितली. मी वहीत नोंद केली, अण्णांनी पन्नासची नोट दिली, आणि सर पायऱ्या उतरून गेले.

२०२० च्या डिसेंबरमध्ये पोलंडमधल्या एका ऑनलाइन गेम स्टोअरच्या चार ओळी वाचताना मला हाच प्रसंग जसाच्या तसा आठवला. त्या स्टोअरचे नाव जीओजी. सीडी प्रोजेक्ट या वॉर्सातल्या कंपनीने २००८ साली ‘गुड ओल्ड गेम्स’ या नावाने ते सुरू केले होते. १६ डिसेंबरला तैवानमधल्या रेड कँडल गेम्स या छोट्या कंपनीने जाहीर केले की आपला ‘डिव्होशन’ हा भयकथेचा खेळ दोन दिवसांनी जीओजीवर विक्रीला येईल. काही तासांतच जीओजीचे निवेदन आले. त्याचा आशय असा होता की खेळाडूंकडून अनेक संदेश आल्यानंतर हा खेळ आमच्या दुकानात न ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे. त्याखाली जगभरच्या गिऱ्हाइकांचा जो संताप उसळला, त्यात एकच प्रश्न हजारो तऱ्हांनी विचारलेला होता: कोणते खेळाडू? आम्हाला कुणी विचारले?

या खेळामागची हकिगत थोडक्यात सांगितली पाहिजे. ‘डिव्होशन’ १९ फेब्रुवारी २०१९ रोजी स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या सर्वांत मोठ्या स्टोअरवर आला. खेळ घडतो तो १९८० च्या दशकातल्या तैपेईमधल्या एका जुन्या इमारतीतल्या घरात. सिनेमाच्या पटकथा लिहिणारा बाप, गाणे सोडून संसारात पडलेली आई आणि गाण्याच्या स्पर्धेत उभी राहणारी लहान मुलगी, असे हे कुटुंब आहे. मुलगी आजारी पडते आणि बाप योग्य उपचार करण्याऐवजी एका पंथाच्या गुरूच्या सल्ल्याने चालू लागतो. ज्या महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. बुवाच्या नादी लागून पोटच्या पोरीचे हाल करणारा बाप आपल्या बातम्यांतही भेटलेला असतो. खेळ आला तेव्हा त्याची वाहवा झाली ती याच गोष्टीसाठी.

मग काही खेळाडूंना त्या घराच्या भिंतीवर एक ताईत दिसला. कागदावर काढलेला, आपल्याकडे दारावर यंत्र चिकटवतात तसा. त्यावरच्या मजकुरात, शिक्क्यांवर कोरतात त्या पुरातन चिनी लिपीत, शी जिनपिंग यांचे नाव आणि विनी द पूह या अस्वलाचे नाव एकत्र लिहिलेले होते, सोबत एक शिवीवजा ओळही होती. जिनपिंग यांची या अस्वलाशी केलेली तुलना चीनमध्ये इंटरनेटवरून काटेकोरपणे पुसली जाते. कंपनीने ताबडतोब माफी मागितली, काम चालू असताना तात्पुरते ठेवलेले चित्र चुकून राहून गेले असे सांगितले आणि ते बदलले. पण तोवर चिनी खेळाडूंच्या वाईट अभिप्रायांचा पूर आला होता, आणि आठवड्याच्या आत खेळ स्टीमवरून उतरला. रेड कँडलने तेव्हा दोन्ही कारणे सांगितली होती, तांत्रिक दोषांची फेरतपासणी आणि वातावरणातला ताण. जुलैमध्ये त्या खेळाचा चीनमधला प्रकाशक, इंडीइव्हेंट, याचा व्यवसाय परवानाच रद्द झाला. भिंतीवरचा हातभर कागदसुद्धा नव्हे, वीतभर कागद, आणि त्यापायी तीन माणसांची एक करुण कहाणी जवळजवळ दोन वर्षे जगातल्या बहुतेक वाचकांना, म्हणजे खेळणाऱ्यांना, मिळेनाशी झाली. मी चुकून ‘वाचकांना’ लिहिले ते तसेच ठेवते, कारण चांगला खेळ मी वाचतेच.

परवाना रद्द झाल्याच्या त्या बातमीमुळे जीओजीची भीती मला खोटी वाटत नाही. ज्या कंपनीचा माल चीनमध्येही खपतो, तिच्या दारात सरकारी माणूस येऊन उभा राहावा लागत नाही. शेजारच्या दुकानाचे काय झाले हे सगळ्यांनी पाहिलेले असते. अण्णांच्या दुकानातही कुणी काठी घेऊन आले नव्हते. आम्हा दोन भावंडांच्या फिया, आजीचे औषध, त्या खोलीचे भाडे, हे सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून त्या एका वाक्याबरोबर सरकून गेले असणार. भिणाऱ्या दुकानदाराला भित्रा म्हणून मोकळे होणे मला जमत नाही.

आणि चीनमधून तसे संदेश आलेच नसतील असेही मी म्हणत नाही. ज्यांना तो ताईत अपमान वाटला, तेही खेळाडूच आहेत, त्यांचा राग त्यांच्यापुरता खरा असू शकतो. परंतु मला नको म्हणून मी घेणार नाही असे म्हणणारे गिऱ्हाईक वेगळे, आणि मला नको म्हणून दुसऱ्या कुणालाही विकू नका असे म्हणणारे वेगळे. पहिल्याचे म्हणणे दुकानदाराने ऐकावे, त्यासाठी काही करावेही लागत नाही. दुसऱ्याचे ऐकले, तर बाकीच्या गिऱ्हाइकांना त्याचे खरे कारण कळण्याचा हक्क आहे.

जीओजीच्या बाबतीत तो हक्क अधिकच मोठा होता. बहुतेक ऑनलाइन दुकानांतून घेतलेल्या खेळाला एक अदृश्य कुलूप असते, आणि त्याची किल्ली दुकानाच्या सर्व्हरवर राहते. तुम्ही पैसे मोजता, पण हाती पडतो तो फक्त खेळण्याचा परवाना. जीओजीने पहिल्या दिवसापासून कुलपाशिवाय खेळ विकले. घेतलेल्या खेळाची पूर्ण फाइल उतरवून घ्या, डिस्कवर ठेवा, इंटरनेट नसले तरी चालवा, उद्या आमचे दुकान राहिले नाही तरी चालवा. मी स्वतः राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन अर्धवट सोडलेले दोन जुने खेळ पंधरा वर्षांनी तिथून विकत घेतले आणि पूर्ण केले. या दुकानाकडे येणारा माणूस स्वस्ताईसाठी येत नसे. घेतलेली वस्तू आपली असावी असे ज्याला मनापासून वाटते, तो येत असे. अशा माणसांच्या नावावर, त्यांना न विचारता, एका खेळाची हकालपट्टी लिहिली गेली. त्यांच्यापैकी अनेकांनी खाती बंद करण्याची मागणी केली, पैसे परत मागितले, पुन्हा इथून काही घेणार नाही असे जाहीर केले. ‘आम्हाला चीनमधल्या धंद्याची काळजी वाटते, म्हणून आम्ही हा खेळ ठेवू शकत नाही’ असे लिहिले असते, तरी लोक चिडलेच असते. पण त्या रागात आणि या रागात फरक राहिला असता, आणि तो फरक मला आमच्या टेबलापलीकडे उभ्या राहिलेल्या सरांच्या चेहऱ्यावर दिसलेला आहे. ‘बायंडिंगला दिलंय’ हे ऐकून ते फक्त खिन्न झाले होते. ‘सभासदांनीच सांगितलं’ हे ऐकल्यावर त्यांनी अनामत परत मागितली.

त्याआधी वर्षभर, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, ब्लिझर्ड या अमेरिकी गेम कंपनीचेही असेच झाले होते. ब्लिट्झचंग या नावाने खेळणाऱ्या हाँगकाँगच्या खेळाडूने सामन्यानंतरच्या मुलाखतीत हाँगकाँगच्या आंदोलनाची घोषणा दिली, म्हणून त्याला वर्षभराची बंदी घालण्यात आली आणि त्याच्या बक्षिसाची रक्कम रोखण्यात आली. गिऱ्हाइकांनी खाती बंद करायला सुरुवात केली, काही दिवसांत बक्षीस परत मिळून बंदी सहा महिन्यांवर आली, आणि त्यानंतर अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी कंपनीला पत्रही लिहिले. या सगळ्यात मला लक्षात राहिली ती एक छोटी गोष्ट. कंपनीच्या आवारात तिची तत्त्वे धातूच्या पाट्यांवर कोरलेली होती. ‘प्रत्येक आवाज महत्त्वाचा’ आणि ‘जगाचा विचार करा’ या दोन पाट्या तिथल्याच काही कर्मचाऱ्यांनी कागद चिकटवून झाकल्या. पाटी फोडली नाही, उखडली नाही, फक्त झाकली. सध्या हे खरे नाही, एवढेच त्यांनी सांगितले. कंपनीने मात्र चीनशी असलेल्या संबंधांचा या निर्णयाशी काही संबंध नव्हता असे निवेदन दिले.

आता थोडे आमच्या खोलीकडे येते. लायब्ररी बंद झाल्यावर तिथे धाकट्या भावाने मोबाइल रिचार्जचे दुकान घातले. २०२५ च्या जुलैअखेरीस शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठातली हत्तीण, जिला कुणी महादेवी म्हणे, कुणी माधुरी, न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा केंद्रात नेली गेली. हत्तिणीचे हित कशात होते याबद्दल न्यायालयासमोर दोन्ही बाजू आल्या होत्या, तो विषय मोठा आहे आणि मी त्यात शिरत नाही. पण ते केंद्र ज्या उद्योगसमूहाशी जोडलेले, त्याच समूहाच्या मोबाइल कंपनीची सिमकार्डे सोडायला आमच्या जिल्ह्यात माणसे रांगा लावू लागली, हे मी भावाच्या दुकानात बसून पाहिले.

दूध घालणारे एक काका आले. त्यांना नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची होती. भावाने त्यांचा फोन हातात घेतला, ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहिला, पुढे त्यांचा नंबर टाकला, आणि संदेश १९०० ला पाठवण्याआधी थांबून म्हणाला, “काका, एक सांगतो. या कंपनीचं कमिशन मला मिळतंय. तुम्ही सोडलासा तर माझं नुकसान हाय. पण नंबर तुमचा हाय, मर्जी तुमची. पाठवू?” काका म्हणाले, “पाठव. आणि खरं बोललास म्हणून नवं शिम बी तुझ्याकडनंच घेतो.” मिनिटाभरात आठ अक्षरांचा कोड आला. काकांनी आधारकार्ड काढून टेबलावर ठेवले. ज्या टेबलावर अण्णांनी सरांना खोटे सांगितले होते, ते टेबल अजून तेच आहे, फक्त वर सनमायका बसवला आहे.

नंबर आपल्याबरोबर घेऊन जाण्याची ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. त्याआधी कंपनी सोडायची म्हणजे नंबर सोडायचा, आणि तो सोडला की पेठेतली निम्मी ओळख सुटायची, म्हणून माणूस चिडला तरी राहायचा. गेम स्टोअरमध्ये बहुतेक ठिकाणी आजही तसेच आहे. दहा वर्षे जमवलेले दोनशे खेळ एका खात्यात अडकलेले असतात, ते उचलून शेजारच्या दुकानात नेता येत नाहीत. कॅलिफोर्नियात विक्रेत्याने हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे असा कायदा झाला, तेव्हा २०२४ च्या ऑक्टोबरात स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर आपण परवाना विकत आहोत असे लिहिले. त्यावर जीओजीने आमच्याकडच्या फाइली तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही असे पुन्हा सांगितले. ते खरेही आहे. २०२० मध्ये जीओजीवर रागावलेली माणसे आपले खेळ उतरवून घेऊन जाऊ शकत होती, आणि ती वाट त्या दुकानानेच बांधून दिली होती. त्यामुळे मला त्या दुकानाचा राग येतो तेव्हा त्यात माया मिसळलेली असते. ज्याने दार उघडे ठेवले त्याच्याशीच दारात उभे राहून भांडता येते.

आमच्याकडे सिम बदलण्याच्या रांगा होत्या, त्याच आठवड्यात गेम स्टोअरच्या जगातही गिऱ्हाईक उठले होते. एका ऑस्ट्रेलियन गटाने कार्ड कंपन्यांकडे लावलेल्या धोशानंतर स्टीमने प्रौढांसाठीचे अनेक खेळ काढून टाकले, इच डॉट आयओ या दुसऱ्या गेम स्टोअरने तसे खेळ शोधात दिसेनासे केले, आणि संतापलेले खेळाडू थेट कार्ड कंपन्यांच्या ग्राहक सेवेला फोन लावू लागले. मास्टरकार्डने म्हटले, आम्ही कोणताही खेळ तपासलेला नाही की काढायला सांगितलेला नाही. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने म्हटले, मास्टरकार्ड आमच्याशी थेट बोललेच नाही, पैसे वळते करणाऱ्या मधल्या कंपन्यांनी त्यांचा नियम आमच्यापुढे ठेवला. ज्याला त्याला विचारावे तर बोट पुढच्याकडे जाते. त्याच दिवसांत जीओजीने निषेध म्हणून असे तेरा खेळ अठ्ठेचाळीस तास फुकट वाटले आणि कायदेशीर खेळ विकत घेण्याच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली. मला त्याचा आनंद झाला. पण ‘डिव्होशन’बद्दल त्याच ठामपणे दोन ओळी लिहिल्या गेल्या असत्या तर तो आनंद पुरा झाला असता. पाच वर्षांपूर्वी आम्ही घाबरलो होतो आणि ते आम्ही तुमच्यावर ढकलले, एवढ्या दोन ओळी.

‘डिव्होशन’ मात्र हरवला नाही. २०२० च्या सुरुवातीलाच हार्वर्ड-येनचिंग ग्रंथालयाने तो आणि त्याच कंपनीचा ‘डिटेन्शन’ आपल्या संग्रहात घेतला होता. ‘डिटेन्शन’ तैवानमधल्या लष्करी कायद्याच्या काळावरचा आहे, जो १९४९ पासून १९८७ पर्यंत चालला. दुकान कचरले तिथे ग्रंथालयाने खेळ ठेवून घेतला, हे वाचून १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिराच्या गावातल्या मला फार बरे वाटले. मग २०२१ च्या मार्चमध्ये रेड कँडलने स्वतःचेच ऑनलाइन दुकान उघडले आणि तिथे दोन्ही खेळ कुलपाशिवाय विकायला ठेवले. मी त्याच महिन्यात तो घेतला. तीन रात्री खेळला. त्या घरातल्या टीव्हीवर मुलगी गाते, बाप तिच्यासाठी कागदाची फुले करतो, आणि आपण त्याच्या डोळ्यांनी चालत एकेका खोलीत जातो, तेव्हा त्याला थांबवावेसे वाटते आणि थांबवता येत नाही.

खेळ संपला त्या रविवारी मी अण्णांना पहिल्यांदा विचारले की तेव्हा त्यांनी सरांना सभासदांचे नाव का सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “भ्यालो म्हणून सांगायची लाज वाटली. तू बसली होतीस ना तिथं.” मला यावर काही बोलता आले नाही.

मी माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. सरांच्या नावापुढे माझ्या शाळकरी अक्षरात ‘अनामत परत, रु. ५०’ असे लिहिलेले आहे. लायब्ररीत सभासद सोडून गेला की त्याचा क्रमांक पुढच्या नव्या माणसाला दिला जाई, वह्यांमध्ये जागोजागी तसे खोडून लिहिलेले दिसते. त्यानंतरच्या सगळ्या वह्या मी पाहिल्या, लायब्ररी बंद झाली त्या वर्षापर्यंतच्या. दर वर्षी अण्णांनी नव्या वहीत क्रमांक उतरवले आहेत, आणि दर वर्षी २१३ नंतर २१४ लिहून त्याच्यापुढची ओळ कोरी सोडली आहे.